डाव्या हाताचा झरा

ओंडका एकदाचा दोन रुळांच्या मध्ये येऊन टेकला आणि लुकासचे दोन्ही रेडे जागच्या जागी मटकन खाली बसले. चार दिवस लागले होते. वरच्या टेकडीवर, गेल्या वर्षीच्या वादळात मुळासकट आडवं झालेलं ते बिंदांगचं झाड. त्याचा बुंध्याकडचा बावीस फुटी तुकडा चिखलातून, बांबूंवरून घसरवत इथवर आणायचा, म्हणजे माणसांचं काम नव्हतंच ते. लुगुननं डोक्यावरची टोपी काढली.

"टोपी कुणाला काढतोस, मेव्हण्या?" लुकास घाम पुसत म्हणाला. "काढायचीच तर माझ्या रेड्यांना काढ."

लुगुन हसला, पण टोपी त्यानं हातातच ठेवली. किनाऱ्याकडच्या तोडीच्या छावण्यांत त्यानं वीस वर्षं काढली होती. दिवसाला तीस-तीस झाडं पाडली. तेव्हा टोपीची आठवण कधी झाली नव्हती; झाड म्हणजे खोडावर खडूनं लिहिलेला आकडा, बस्स. आज हे एकच झाड समोर पडलं होतं, आडवं असूनही उभ्या माणसाच्या छातीला लागेल एवढं जाड. कापल्या तोंडातून राळ अजून पाझरत होती आणि कोवळ्या उन्हात मधासारखी दिसत होती. लुगुनला उगाच वाटलं, आपण कुणाच्या तरी घरात न विचारता पाऊल टाकलंय.

नदीच्या वळणावर त्याचं घर उभं राहत होतं. बारा खांब झाले, जमिनीच्या फळ्या ठोकून झाल्या, भिंतींच्या फळ्या ताडपत्रीखाली वाळत रचल्या होत्या. सगळं याच गिरणीतून निघालेलं. गिरणी म्हणजे तरी काय? दोन रूळ, त्यांवर पुढेमागे सरकणारी चौकट, चौकटीत इंजिन आणि एक गोल पातं. पातं आडवं कापायचं आणि मूठ फिरवली की उभंही. सुटी करून रेड्यांच्या घसरगाडीवर लादली की डोंगरात कुठेही न्यावी. लुगुनची बायको सुपांग तिला 'पाळकबुवा' म्हणायची. सुरू व्हायला दहा विनवण्या, आणि एकदा सुरू झाली की कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

राहिलं होतं ते आढं. छपराच्या शेंड्यावरची अखंड तुळई, एकाच झाडाची, मध्ये जोड नसलेली. ती वर चढताना बापाचा, नाहीतर त्याच्या भावंडाचा हात तिला लागलाच पाहिजे, ही या घराण्याची रीत. बापाच्या भावंडांतलं आता एकच माणूस उरलं होतं, आणि त्याचं नाव लुगुनच्या आईसमोर बासष्ट वर्षांत कुणी काढलं नव्हतं.

"येतोय का खरंच तो?" रिनाईनं विचारलं. लुगुनची थोरली बहीण, लुकासची बायको. केळीच्या पानांत मऊ भाताच्या पुड्या बांधत ती चुलीशी बसली होती.

"येतोय. काल वरच्या वस्तीवर मुक्काम केला म्हणे. सिगांग बरोबर आहे."

"मुलीला घेऊन येतोय, म्हणजे भांडायला येतोय."

"अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस भांडायला दोन दिवस डोंगर चढत नाही, रिनाई."

"मग कशाला येतो?"

"मी बोलावलं म्हणून."

रिनाईनं हातातलं पान खाली ठेवलं. "सिनाला विचारलं होतंस?"

"विचारलं नाही. येऊन सांगितलं," फळ्यांच्या थप्पीवरून उत्तर आलं. त्यांची आई तिथे पाय सोडून बसली होती; आईला ती सिना म्हणत आणि बापाला तामा. दो लेमुद हे तिचं आजी झाल्यावर घेतलेलं नाव. एक्याऐंशी वर्षांची, डोळे जवळजवळ गेलेले, कान मात्र हरणाचे. डोक्यावर तिच्या आजीच्या आजीची मण्यांची टोपी होती, आणि टोपीवरच्या निळ्या मण्यांच्या ओळीत एका ठिकाणी चार बोटं रुंद जागा नुसत्याच दोऱ्याची होती. "बसू दे त्याला. जागा तुझी, घर तुझं. पण लुगुन, ऐक. सगळ्यांदेखत, देवाला साक्ष ठेवून त्यानं कुऱ्हाड कुठे गेली ते सांगितलं, तर त्याच्या पानावर मी माझ्या हातानं भात वाढीन आणि या घरात राहायला येईन. नाही सांगितलं, तर आढं त्याच्या हातानं खुशाल चढव. मी आपली लांबघरात, सगळ्या वस्तीच्या त्या एका छपराखाली, परत जाईन. तिथेच डोळे मिटीन. तुझ्या उंबऱ्याला माझा पाय लागायचा नाही."

"सिना, तामा जाऊनसुद्धा आता वीस वर्षं झाली."

"म्हणूनच. त्याच्या वाटचं आता मलाच विचारायला पाहिजे."

रिनाईनं लुगुनकडे बघितलं. बघ, म्हटलं नव्हतं मी? असं त्या बघण्यात होतं. लुकासनं रेड्यांकडे तोंड फिरवलं. सासूच्या आणि बायकोच्या मध्ये बोलायचं नाही, हे तो लग्नाच्या पहिल्या महिन्यात शिकला होता.

त्या कुऱ्हाडीची गोष्ट या घरात पोरं दुधाबरोबर पीत आली होती. लुगुनचा बाप तागाल तेव्हा नवा नवरा. किनाऱ्याकडून आलेल्या व्यापाऱ्याकडे एक लोखंडी कुऱ्हाड होती, तशी खोऱ्यात दुसरी नव्हती. नव्या नवरीनं टोपीवरचे निळे मणी तोडून दिले आणि कुऱ्हाड घरात आली. पुढच्याच महिन्यात तागालच्या सोळा वर्षांच्या धाकट्या भावानं ती उसनी मागून नेली. टेकडीवरचं एक बिंदांग पाडून दादाच्या नव्या चुलीच्या खोलीसाठी फळ्या काढायच्या, असा त्याचा बेत. तेव्हा खोरं अजून पक्ष्यांच्या हुकमात होतं. कोळीकिडे खाणारा तो छोटा पक्षी डावीकडून ओरडला, की हातातलं काम जिथल्या तिथे सोडायचं. हत्यारालाही परत हात लावायचा नाही. वळायचं आणि मागे न बघता घर गाठायचं. मग तीन दिवस उंबऱ्याच्या आत.

पोरगा घरी आला तो रिकाम्या हातानं. चौथ्या दिवशी दोघे भाऊ वर गेले. "झाडातच सोडली. झरा माझ्या डाव्या हाताला होता," पोरगा सांगत राहिला. वर चढताना झरा डावीकडे राहतो तो डावा काठ दोघांनी महिनाभर पालथा घातला. बिंदांगची झाडं शेकड्यांनी, कुऱ्हाड एकातही नाही. एका सकाळी तागाल सगळ्या लांबघरासमोर एकच शब्द बोलला: "विकलीस." त्याच दिवशी धाकटा भाऊ सीमेपलीकडे निघून गेला.

दोन वर्षांत सगळं खोरं ख्रिस्ती होऊन देवाला शरण आलं. पक्षी नुसते पक्षी उरले. तो शब्द मात्र तसाच राहिला. पलीकडे त्या भावाचं लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली. माणूस आजोबा झाला की नवं नाव घेतो आणि जुनं गळून पडतं. तसा तो गालिह बालांग झाला. पोरपणच्या नावानं त्याला हाक मारणारं पलीकडे कुणी नव्हतंच. आणि देवाची लीला बघा, ज्याला घरानं खोटारडा म्हटलं, त्याच्याच गळ्यात देवानं शब्द ठेवला. गालिह बालांग प्रवचन गाऊन सांगायचा. तीन खोऱ्यांतली माणसं चटया घेऊन ऐकायला जायची, ऐकता ऐकता रडायची.

"सगळ्या गोष्टी गातो म्हणे," दो लेमुद म्हणायची. "ती नदीत पडलेल्या उसन्या कुऱ्हाडीची गोष्ट आहे ना शास्त्रात, तेवढी एक गाळतो. का गाळतो, ते मला विचारा."

---

तो आला तेव्हा धुकं नदीवरून नुकतं उठत होतं. बांबूच्या पुलावरून एक बारीक, वाकलेला म्हातारा पाठीवर वेताची टोपली घेऊन येत होता. पायांत काळे रबरी बूट. त्याच्या मागे सिगांग, त्याची मुलगी, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात बापाची काठी.

"काठी पुलापलीकडे पडली होती," सिगांग सुपांगला सांगू लागली, जणू दोघी कालच भेटल्या होत्या. "वळून उचलतील? छे! काही पडलं तरी मागे बघत नाहीत. गेल्या वर्षी टोपीच उडाली, तसेच पुढे. देवाला शरण जाऊन साठ वर्षं झाली, पण मान अजून त्या पक्ष्याच्या ताब्यात आहे."

"आमच्या घरातल्या माना वळतात, पण बघत नाहीत," सुपांग म्हणाली, आणि दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या. रिनाईनं चुलीतलं लाकूड जरा जोरातच पुढे सारलं.

गालिह बालांग थप्पीसमोर येऊन उभा राहिला. टोपली उतरवली. "वहिनी, बऱ्या आहात ना?"

"डोळे गेलेत," दो लेमुद म्हणाली. "बाकी सगळं आठवतं."

"मलाही."

"मग सांग. इथे सगळे आहेत. देवही आहे. कुऱ्हाड कुठे गेली?"

लुगुनला वाटलं, निदान पाणी तरी पिऊ द्यायचं होतं. पण म्हाताऱ्याला त्याची गरज दिसली नाही. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यानं उशाला घेऊनच झोप काढली असावी.

"तेव्हा सांगितलं तेच सांगतो, वहिनी. तीन घाव घातले. तिसऱ्याला कुऱ्हाड खोल रुतली. पक्षी ओरडला. मी सोडली. झरा माझ्या डाव्या हाताला होता."

"तेच."

"तेच. दुसरं काही असतं, तर एवढ्या वर्षांत एखाद्या दिवशी तोंडातून निसटलं असतं."

"तागालनं डावा काठ महिनाभर पिंजून काढला."

"मी बरोबरच होतो, वहिनी. पिंजणारे चार हात होते."

दो लेमुदनं तोंड नदीकडे फिरवलं. "झालं तर मग. चालू द्या तुमचं काम."

गालिह बालांग लुगुनजवळ आला आणि हळूच म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस. आढ्याला हात लावतो आणि दुपारी निघतो. एवढं चालणं परत काही व्हायचं नाही माझ्याकडून."

"काका, निदान सुरुवातीची प्रार्थना..."

"ती म्हणतो. ती माझी थोडीच आहे?"

त्यानं ओंडक्यावर दोन्ही तळवे ठेवले आणि गायला सुरुवात केली. आवाज पातळ होता, कडेला चिरलेला. पण पहिल्या ओळीला लुकासच्या हातातली दोरी सैल पडली, दुसऱ्या ओळीला रिनाई चुलीपासून उठली. तो गात होता त्या दिवसाचं, जेव्हा डोंगर नव्हते आणि देवानं मातीला म्हटलं, वर ये. मग झाडाला म्हटलं, तूही ये. झाडानं विचारलं, किती वर येऊ? देव म्हणाला, मी थांब म्हणेपर्यंत. आणि झाड येत राहिलं, येत राहिलं, माणसं खाली जन्मली, भांडली, गेली, तरी झाड येतच राहिलं, कारण देव थांब म्हणाला नव्हता. शेवटचा सूर त्यानं सोडला तो टेकडीकडे, आणि टेकडीनं तो जरा वेळ स्वतःकडे ठेवून घेतला. थप्पीवर बसलेल्या दो लेमुदचे ओठ हलत होते. हे फक्त लुगुननं पाहिलं.

---

"उठा, पाळकबुवा," म्हणत सुपांगनं दोरी ओढली. सातव्या वेळी इंजिन सुरू झालं.

लुगुननं ओंडका फिरवून घेतला होता. बुंध्यापासून चारएक फुटांवर सालीत एक उभी सुरकुती होती, मिटलेल्या ओठांसारखी. एखादी जुनी फांदी तुटली असेल म्हणून त्यानं ती बाजू वर ठेवली. वरचं लाकूड फळ्यांना जाईल आणि आढं आतल्या सरळ गाभ्यातून निघेल, हा हिशेब. पातं फिरू लागलं. चौकट रुळांवरून पुढे सरकली आणि भुसा कारंज्यासारखा उडाला.

पहिला सालीचा थर निघाला. दुसऱ्या कापाला झाड उघडलं.

लुगुननं हजारो झाडं पाडली होती, पण तिथे पाडणारा आत काय आहे ते बघत नाही. ओंडके नदीनं जातात, लांब कुठेतरी दुसरीच माणसं ते उघडतात. इथे या रुळांवर त्याला दोन वर्षं रोज तेच नवल दिसत होतं आणि अजून जुनं झालं नव्हतं. ओली, लोण्याच्या रंगाची फळी वर उचलली की आतून पाण्याच्या लाटा दिसायच्या, अगदी वाळूवर लाट येऊन गेल्यावर राहतात तशा. हे कुणी पाहिलेलं नव्हतं. झाडानंही नाही. देवानं एवढं सुंदर काहीतरी करून, वर साल घालून, कुणाला न सांगता ठेवून दिलं होतं, आणि आपण तिथे पहिले पोचलो, असं वाटून त्याचे हात दर वेळी जरा हळू व्हायचे. राळेचा लिंबासारखा वास सगळ्या आवारात पसरला. लुकाससुद्धा फळी थप्पीला लावायची सोडून तिच्यावरून तळहात फिरवत राहिला.

"पोराच्या गालासारखी आहे," तो म्हणाला.

"पोराचे गाल कधी पुसलेस तू?" रिनाई म्हणाली. पण तीही जवळ आली होती.

तिसऱ्या फळीत एक तपकिरी रेघ दिसली. चौथीत ती रुंद झाली. पाचव्या कापाला पातं चार फुटांवर पोचलं आणि किंचाळलं.

दुसरा शब्द नाही त्याला. ठिणग्या उडाल्या, चौकटीला हिसका बसला, रेडे ताडकन उभे राहिले. लुगुननं इंजिन बंद केलं. मग इतकी शांतता पडली, की खाली नदी आहे हे सगळ्यांना नव्यानं कळलं.

सुपांगनं पातं हातानं फिरवून पाहिलं. "पाचातले तीन दात गेले."

"दुसरं पातं?"

"हेच दुसरं. दात बसवून आणायला खाली बाजाराच्या गावात जायला पाहिजे. जाऊन येऊन दोन दिवस. आढं आज होत नाही."

"कुणी खिळा मारला असेल," लुकास म्हणाला. "सर्वेवाले मारतात."

"या झाडाला कुणी सर्वेवाला भेटला नव्हता," लुगुन म्हणाला. त्यानं पाचर घेतली, घण घेतला. कापाच्या फटीत पाचर बसवून एक घाव घातला, दुसरा घातला. तिसऱ्याला लाकूड कुरकुरलं आणि वरचा जाड फाळका दार उघडावं तसा वर आला.

आत राळेचा एक गोळा होता, दोन मुठींएवढा, जुन्या मधाच्या रंगाचा. फाळका उचलला गेल्यावर ऊन त्यात शिरलं आणि तो आतून पेटल्यासारखा झाला. त्या उजेडात, मधोमध, कुऱ्हाड होती. धार लाकडात रुतलेली, तशीच, तिसऱ्या घावाला रुतली होती तशी. दांड्याचा वीतभर तुकडा राळेनं धरून ठेवला होता, बाकीचा पाऊस आणि वाळवी घेऊन गेली होती. राळ आधी आली असावी, जखमेवर धावून यावी तशी. महिन्याभरात लोखंड झाकलं असेल. मग झाडानं वर्षानुवर्षं त्याच्यावर लाकूड चढवलं, वीतभर जाडीचं, आणि शेवटी ओठ मिटून घेतले.

रिनाई गुडघ्यांवर बसली. सिगांगच्या हातातली छत्री उघडीच राहिली.

"काय निघालं?" थप्पीवरून दो लेमुदनं विचारलं. "लुगुन? अरे, काय निघालं?"

लुगुननं हातातला घण खाली ठेवला.

"सुपांग! तू तरी बोल. तू तर कधी गप्प बसत नाहीस."

सुपांग गेली आणि सासूचा हात धरून तिला ओंडक्यापर्यंत घेऊन आली. लुगुननं आईची बोटं धरून राळेच्या तुटलेल्या कडेवरून आत नेली. लोखंडाला बोट लागताच ती थांबली. मग तिचा अंगठा एकटाच पुढे गेला, कुऱ्हाडीच्या गालावरून, खाली, माथ्याकडे, आणि एका जागी परत परत फिरू लागला.

"एक," ती म्हणाली. "दोन. तीन."

तीन खाचा. कुऱ्हाड घरात आली त्या दिवशी तागालनं दगडावर घासून त्या पाडल्या होत्या आणि नवी नवरी पाणी ओतत बाजूला बसली होती. या खाचा डोळ्यांनी ओळखू शकेल असं जगात आता दुसरं कुणी नव्हतं, आणि देवानं तिचे डोळे काढून घेऊन अंगठा तेवढा ठेवला होता.

"पण हे झाड उजव्या काठाचं आहे," लुकास कुजबुजला. "मीच ओढून आणलंय. वर जाताना झरा डावीकडे ठेवला, तर हे झाड लागतच नाही."

लुगुननं काकाकडे बघितलं. म्हातारा ओंडक्यापासून दोन पावलांवर उभा होता, चेहऱ्यावर काहीच नाही, जणू हे सगळं तो पूर्वीच बघून बसला होता आणि आता फक्त थकला होता.

"काका," लुगुन म्हणाला, "झरा डाव्या हाताला होता. घाव घालताना, की पळताना?"

गालिह बालांग पुढे आला. ओंडक्यासमोर पाय फाकून उभा राहिला, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या हातांनी हवेतली कुऱ्हाड धरली. डोळे मिटले. हात वर गेले, खाली आले. एक. दोन. तीन. मग त्यानं मान तिरकी केली, डावीकडून काही ऐकल्यासारखी. हात सुटले. आणि तो वळला, सगळाच्या सगळा वळला, ओंडक्याकडे पाठ करून. त्याचा डावा हात आपोआप बाजूला उचलला गेला आणि पाण्याच्या जागी बोट दाखवत तिथेच अडकला.



"वळल्यावर," तो म्हणाला. "वळल्यावर डावीकडे होता. घाव घालताना उजवीकडे." आणि मग अगदी हळू, जणू कुणी दुसऱ्यानंच विचारलं होतं, "मी मागे बघितलंच नाही ना. मग मला कसं दिसणार?"

सोळा वर्षांचं पोरगं रीत पाळून पळालं होतं. रीतीप्रमाणे मागे बघितलं नव्हतं. डोळ्यांत राहिलं ते पळतानाचं चित्र, आणि त्या चित्रावर दोन माणसं महिनाभर चुकीचा काठ शोधत राहिली. एकानं शब्द टाकला, दुसऱ्यानं देश सोडला. आणि झाड पलीकडच्या काठावर उभं राहून, एवढी वर्षं, खरं पोटात धरून वाढत राहिलं होतं.

गालिह बालांगच्या तोंडून एक सूर निघाला. गाणं म्हणावं असा नव्हता तो. "उसनी होती, स्वामी," तो म्हणाला, एवढंच, दोनदा, "उसनी होती ती." शास्त्रातल्या, नदीत पडलेल्या कुऱ्हाडीच्या त्या गोष्टीची ही पहिली ओळ, आजवर त्यानं कधीच न गायलेली. दुसरी ओळ आली नाही. त्यानं टोपली पाठीवर घेतली आणि पुलाच्या वाटेला लागला.

"रागावले," रिनाई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "रागावणारच. आम्ही तरी काय..."

"रागावले नाहीत," सिगांग म्हणाली. "रडायला चाललेत. लोकांसमोर रडत नाहीत, आणि एकदा निघाले की थांबत नाहीत. आता मला धावावं लागणार." पण ती धावली नाही; उभीच राहिली.

"सिना, हाक मार त्यांना," रिनाईनं आईचा हात धरला. सकाळपासून जी आईच्या बाजूनं चूल पेटवत होती, ती आता आईलाच हलवत होती. "तू मारलीस तरच. दुसऱ्या कुणाची ऐकायचे नाहीत. अगं, हाक मार ना!"

"काय म्हणून मारू?" दो लेमुद म्हणाली. राळेचे हात तिनं लुंगीला पुसले, परत पुसले. "हे गालिह बालांग कोण, मी कुठे ओळखते?"

लुगुनला वाटलं, संपलं. एवढं होऊनही संपलं. पुलावरचा बांबू वाजला. पहिलं पाऊल. दुसरं.

दो लेमुदनं दोन्ही हात तोंडाशी नेले, शेतातून माणसाला जेवायला बोलावताना नेतात तसे.

"अगन!"

ती हाक लुगुननं आयुष्यात कधी ऐकली नव्हती. रिनाईनंही नाही, खुद्द सिगांगनंही नाही. सोळा वर्षांच्या पोराला मारायची हाक होती ती, एका नव्या वहिनीची, चुलीजवळून मारलेली. नदीवर ती पलीकडे गेली आणि टेकडीला लागून परत आली.

पुलावरचा बांबू वाजायचा थांबला. म्हातारा पाठमोरा उभा होता. वाकलेली पाठ, त्यावर टोपली, टोपलीवर ऊन. मग ती मान, जी कधी वळली नव्हती, हळूहळू, जणू तिच्यातलंही काही गंजलेलं सुटत होतं, डाव्या खांद्यावरून मागे वळली, आणि अगननं मागे बघितलं.

त्याला काय दिसलं, ते त्यानं पुढे कितीदा तरी गाऊन सांगितलं. बारा खांब दिसले, आढ्यावाचून उघडे. पोट उघडून पडलेलं झाड दिसलं. आणि एक आंधळी म्हातारी, मण्यांच्या टोपीतली, त्याच्यापासून जरा चुकलेल्या दिशेला तोंड करून उभी.

"भात निवतोय," दो लेमुद म्हणाली. "आणि आढं काही परवाशिवाय चढत नाही."